रिकाम्या नदीतली होडी

आमची मुलगी काय करते असं कुणी विचारलं, की मी सरळ सांगते, लोक हरले की काय करतात ते ती बघते. समोरचा माणूस गोंधळतो. मग सांगते, विद्यापीठात आहे, डॉक्टर आहे, पण गोळ्या देणारी नव्हे. खेळ कसे रचायचे आणि खेळणाऱ्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, यावर संशोधन करते. यावर लोक हमखास दात काढतात, "म्हणजे दिवसभर खेळते म्हणा की!" पूर्वी मीही हसून सोडून द्यायचे. आता नाही सोडत. किल्ली करायला आलेल्या गिऱ्हाइकानं असं म्हटलं, की मी यंत्र बंद करते आणि त्याला सगळं पहिल्यापासून ऐकवते. किल्ली हातात पडेपर्यंत जाणार कुठे बिचारा?

दुकान आमचं किल्ल्यांचं. कोपऱ्यावरची अरुंद जागा, भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, एक कापायचं यंत्र आणि कानशींचा डबा. आयुष्यभर ते यांनी चालवलं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. मी जोडीला असायचे, हिशेबाला आणि भांडायला. हे गिऱ्हाइकाशी असे गोड बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, काय देवमाणूस आहे! पण घरी बुद्धिबळाचा पट मांडला की या देवमाणसाचा कसाई व्हायचा.

आणि समोर कोण बसलेलं? एवढीशी पोर. घरभर गरगर फिरायची म्हणून हे तिला भिंगरी म्हणायचे. भिंगरीचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकतही नव्हते, तेव्हापासून यांनी तिला बुद्धिबळात हरवायला सुरुवात केली. दया म्हणून नाही, माया म्हणून नाही. मोहऱ्याला हात लागला की तेच चालवायचं, हा यांचा नियम. पोरीचं बोट चुकून वजिराला लागलं तरी वजीर चालवायला लावायचे, आणि लगेच मारायचे. पोर हरली की खालचा ओठ बाहेर काढायची, उठून जायची आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार धाडकन आपटायची. त्या दाराची बिजागरी मी किती वेळा बदलून घेतली असेल! मी यांना म्हणायचे, "अहो, एकदा सोडा की तिला. लहान आहे ती."

"लहान आहे म्हणूनच," हे म्हणायचे. "सोडलं तर तिला कळेल. मग ती माझ्याशी कशाला खेळेल?"

दार आपटून झालं की भिंगरी परत यायची आणि म्हणायची, "पुन्हा मांडा."

पुढे ती कॉम्प्युटर शिकली आणि मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. काचेची इमारत, फुकट कॉफी, रंगीत खुर्च्या, सगळा थाट. तिचं काम एवढंच, की माणूस खेळ सोडून उठायच्या बेतात कधी येतो ते शोधायचं आणि त्याच्या जरा आधी त्याला काहीतरी बक्षीस द्यायचं. म्हणजे तो उठत नाही. ती त्यात हुशार होती. मग एकदा तिला आकड्यांत एक माणूस दिसला. कोण, कुठला, काही माहीत नाही. जेवायलासुद्धा न थांबता तो खेळत होता. तिनं साहेबाला विचारलं, याचं काय करायचं? साहेब म्हणाला, "करायचं काय? हे आपलं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक." संध्याकाळी भिंगरी घरी आली ती राजीनामा देऊनच. मी कपाळावर हात मारला. हे कानस घासत म्हणाले, "बरं केलंस. गिऱ्हाइकाला दुकानात कोंडून कुलूप लावायचं नसतं."

मग विद्यापीठ. तिथे तिची फार मजा झाली. मानसशास्त्रवाले म्हणायचे, ही कॉम्प्युटरवाली. कॉम्प्युटरवाले म्हणायचे, ही मानसशास्त्रवाली. ना इकडची ना तिकडची. शेवटी एका मॅडमनी तिला आपल्या हाताखाली घेतलं. केस पिकलेली, कमी बोलणारी बाई. त्यांनी जिन्याखालची एक खोली मिळवून दिली आणि भिंगरीची प्रयोगशाळा सुरू झाली. एक जुना सोफा, एक पडदा, दोन कॅमेरे आणि भिंतीत एक काच. इकडून तिकडचं दिसतं, तिकडून इकडचं दिसत नाही. खेळणारा तिकडे, बघणारे इकडे. दारावर तिनं मोठ्या अक्षरात लिहून लावलं होतं, 'मदत करायची नाही.'

मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा काचेपलीकडे एक गृहस्थ कुठल्याशा चक्रव्यूहात अडकून घामाघूम झाले होते. वाट डावीकडे होती, स्पष्ट दिसत होती. मी किती वेळ गप्प बसणार? ओरडलेच, "अहो, डावीकडे! डावीकडे वळा!" ते गृहस्थ दचकून छताकडे बघायला लागले. भिंगरीनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. "आई, तू आता त्याला मदत केलीस की मला काय कळणार? तो कुठे अडतो, अडल्यावर काय करतो, हेच तर बघायचंय!" मी म्हटलं, तुझ्या बापाची पोर शोभतेस खरी.

त्या खोलीत तिनं काय काढलं ते मला समजलं तसं सांगते. खेळ फार अवघड झाला की माणूस उठतो. फार सोपा झाला तरी उठतो. म्हणून तिनं असा खेळ रचला की तो खेळणाऱ्यावर नजर ठेवतो आणि तो हरत चालला की गुपचूप सोपा होतो. खेळणाऱ्याला ताकास तूर लागत नाही. त्याला वाटतं, वा, जमलं की आपल्याला! माणसं बसून राहायला लागली. यावर तिला डॉक्टरकी मिळाली, परदेशांतून बोलावणी आली. नोकरी मात्र दरवर्षी नव्यानं सही करायची, तसली. कायमची जागा एकच निघणार होती आणि ती हिलाच मिळणार असं सगळेच धरून चालले होते. का, तर ती आता एका मोठ्या रुग्णालयासाठी खेळ बनवत होती. अर्धांगवायूनं ज्यांचे हात गेले, त्यांनी खेळता खेळता हात हलवावा म्हणून.

आणि तेव्हाच हे दुकानात किल्ली घासता घासता खाली बसले. मी म्हटलं, काय पडलं? काही पडलं नव्हतं. यांच्या हातातून कानस सुटली होती आणि यांना ती सुटल्याचं कळलंच नव्हतं.

जीव वाचला. बोलणं थोडं जड झालं, तेही सुधारलं. उजवा हात मात्र मांडीवर पडून. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पहिले काही महिने महत्त्वाचे. या दिवसांत हात जेवढा चालवाल तेवढा परत येईल. नंतर जे राहिलं ते राहिलं. मी घरी येऊन कानशींच्या डब्याकडे बघत बसले. लपवून कशाला ठेवू, ढसाढसा रडले.

भिंगरी रडली नाही. दुसऱ्या दिवशी ती आपला खेळ घेऊन आली. हातात धरायची एक मऊ मूठ, तिला वायर, वायर पडद्याला, आणि वर खेळणाऱ्याचा हात टिपणारा एक बारका कॅमेरा. पडद्यावर नदी, नदीत होडी, पुढे खडक. मूठ दाबली, वळवली, की होडी वळते. खडकाला आपटली तर बुडते. काठाला लागली तर पडद्यावरची माणसं टाळ्या वाजवतात. यांनी नाक मुरडलं, पण लेकीचं काम म्हणून बसले. आणि काय सांगू, जमायला लागलं! रोज होडी काठाला. रोज टाळ्या. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगत होते, आमच्या हिच्या खेळानं हात परत येतोय. शर्टाचं बटण मात्र अजून मीच लावत होते. त्याचा विचार मी केला नाही. यांनी केला.

एका दुपारी भिंगरी आली तेव्हा हे म्हणाले, "ये, बस. माझी कमाल बघ." मूठ हातात घातली आणि हात मांडीवर ठेवून दिला. नुसता ठेवून दिला. डाव्या हातानं चहाचा कप उचलला आणि निवांत चहा प्यायला लागले. पडद्यावर होडी निघाली. एका खडकाला आपटली, बुडाली. पुन्हा निघाली, पुन्हा बुडाली. मग खडक कमी झाले. मग आणखी कमी झाले. यांचा चहा संपेपर्यंत नदीत एक खडक उरला नव्हता. होडी आपली आपण तरंगत काठाला लागली आणि माणसांनी टाळ्यांचा नुसता पाऊस पाडला.

यांनी कप खाली ठेवला. मग हे म्हणाले, "लहानपणी तुला एकदा तरी सोडलं होतं का मी?"

"नाही, बाबा."

"मग?"

यांनी डाव्या हातानं वायर उपटली. मूठ कोपऱ्यात गेली आणि उजवा हात मांडीवर गेला तो तिथेच राहिला. मी हात जोडले, भांडले, अबोला धरला. काही उपयोग नाही. "टाळ्या ऐकायला हात कशाला लागतो?" एवढंच म्हणायचे. दिवस मात्र भराभर चालले होते, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दिवस.

भिंगरीचा चेहरा त्या दुपारी पांढराफटक पडला होता. बापाचं मन दुखलं म्हणून असेल असं मला वाटलं. तेवढंच नव्हतं. खेळ किती सोपा व्हावा याला तिनं आधी एक तळ ठेवला होता. त्याच्या खाली खेळ उतरायचा नाही. पण वॉर्डातले दोघे-तिघे पुन्हा पुन्हा हरून रडकुंडीला आले, मूठ टाकून उठले, तेव्हा हिनं तो तळच काढून टाकला. आता खेळ हवा तेवढा खाली जाऊ शकत होता, पार नदी रिकामी होईपर्यंत. माणसं उठेनाशी झाली, आकडे झकास आले. त्या आकड्यांवरच तर तिची कायमची जागा ठरायची होती आणि रुग्णालय तो खेळ सगळ्या वॉर्डांत लावणार होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं वॉर्डातल्या खेळाचं चित्रण काढलं आणि पडद्याकडे न बघता फक्त माणसांचे हात बघत बसली. कितीतरी हात नुसते पडलेले. एक आजोबा तर मूठ धरून चक्क घोरत होते, आणि त्यांची होडी जिंकत होती.

यापुढचं मला मॅडमनी सांगितलं, दुकानात येऊन, त्या माझ्या स्टुलावर बसून. भिंगरी सगळं घेऊन त्यांच्याकडे गेली. कायमच्या जागेची बैठक तोंडावर आली होती. मॅडम म्हणाल्या, "शेवटी एक वाक्य घाल, की यात त्रुटी आहेत, काम चालू आहे. सगळेच घालतात."

"शेवटी नाही," ही म्हणाली. "सुरुवातीलाच सांगणार."

"जागा जाईल."

"जाऊ दे. त्या वॉर्डात लोकांचे हात जातायत, मॅडम."

आणि तिनं तसंच केलं. मोठं टेबल, भोवती सगळी मोठी मंडळी, आणि हिनं पडद्यावर पहिलं काय लावलं, तर आपल्या बापाचा चहा! मांडीवर पडलेला हात आणि टाळ्या वाजवणारी माणसं. म्हणाली, माझा खेळ लोकांना खेळायला लावत नाही, नुसता बसवून ठेवतो. हे मी सोडून आलेल्या कंपनीचंच काम मी इथे करून बसले. आधी तो वॉर्डातून काढा, मग माझ्याशी बोला. जागा दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली. हिला जुन्याच नोकरीवर आणखी एका वर्षाची सही मिळाली, तीही मॅडम भांडल्या म्हणून.

मी चिडले का? चिडले तर! म्हटलं, आयुष्यभर घासलंस आणि एका चहाच्या कपापायी सगळं घालवलंस? मुकाट्यानं दुरुस्त करता आलं नसतं? तिनं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि कपाटावरचा धुळीनं माखलेला बुद्धिबळाचा पट खाली काढला. यांच्यासमोर मांडला.

"बाबा, एक डाव."

"हात कुठंय मला?"

"उजवा आहे ना. डावा पाठीमागे घ्या. नियम तुमचेच. हात लागेल ते मोहरं चालवायचं. हातातून पडलं तर खेळी गेली."

यांचा डावा हात पाठीमागे गेला. उजवा उठला, हलला, थरथरला. प्यादं उचलायला गेले आणि बाही घोड्याला लागली.

"घोडा," भिंगरी म्हणाली.

"अगं, बाही लागली ती!" मी मध्ये पडले. "लाज वाटते का काही? आजारी माणूस आहे!"

"आई, खोलीचा नियम. मदत करायची नाही."

घोडा हातातून पडला. खेळी गेली. पुढच्या खेळीला हत्ती पडला. तिनं एक एक करून यांची सगळी फौज कापली, डोळ्याची पापणीसुद्धा न हलवता. मात झाल्यावर यांनी संतापून डाव्या हातानं पट उधळला, सगळी मोहरी खोलीभर. माझ्या तोंडून शिवीच गेली, कुणाला ते मलाही माहीत नाही. मी उचलायला वाकले तर पोर गरजली, "आई, थांब! बाबा उचलतील. उजव्या हातानं."

आणि यांनी उचलली. किती वेळ लागला ते विचारू नका. खुर्चीखालचं शेवटचं प्यादं उचललं तेव्हा दोघांचेही कपडे घामानं भिजले होते, एकाचे उचलून आणि दुसरीचे नुसतं बघून. मी तेव्हा पाहिलं, तिनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून.

धापा टाकत हे म्हणाले, "पुन्हा मांड."

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी दिवा लागला की पट. मी दुकानात बसायचे. यंत्रावर किल्ल्या कापायला मी तेव्हाच शिकले, आणि पहिली काही कुलपं उघडेनात म्हणून लोकांची बोलणी खाल्ली. घरी आले की कान दाराशी. मोहरं पडल्याचा आवाज झाला की मी मनात मोजायचे. हळूहळू ते आवाज कमी झाले. हे हरत मात्र राहिले. हरले की भिंगरीला वाट्टेल ते बोलायचे, सकाळी उठून एकटेच मोहरी उचलायचा-ठेवायचा सराव करायचे, आणि ती आली की काही केलंच नाही असा चेहरा करायचे. एका सकाळी शर्टाचं वरचं बटण लावलेलं दिसलं. तिरकं, चुकीच्या काजात. मी बोलले नाही, तसंच तिरकं राहू दिलं.

तिकडे जिन्याखालच्या खोलीत तिनं नदी पुन्हा खडकांनी भरली. आता खेळाला तळ आहे. सोपा होतो, पण चोरून नाही. काठावर एक पिवळा झेंडा वर चढतो आणि खेळणाऱ्याला विचारतो, खडक काढू की राहू देऊ? हो-नाही त्यानं ठरवायचं. आणि मूठ हलली नाही तर होडी निघतच नाही. पहिल्यांदा वॉर्डातली माणसं वैतागली, दोघे उठून गेले. तिनं त्यांना जाऊ दिलं. त्यातला एक परत आला. म्हणाला, झेंडा खाली घ्या, त्या खडकाला मी बघून घेतो. ही गोष्ट पोरीनं मला दोनदा सांगितली. कायमच्या जागेचं पुढे बघू, म्हणाली. खोली आहे, सोफा आहे, चालेल.

आता परवाचं सांगते आणि तुमची किल्ली देते. परवा सुट्टी होती, मी घरी होते. डाव लांबला होता. भिंगरीनं उंट पुढे केला आणि लगेच परत घ्यायला हात पुढे केला, मग आवरला. काहीतरी चुकलं होतं. हे वाकले. उजवा हात उठला, मोहऱ्यांच्या गर्दीतून सावकाश गेला, कशालाही न लागता, आणि यांनी वजीर नेमका धरून पार पलीकडे नेऊन ठेवला.

"शह," हे म्हणाले. मग स्वतःच पट बघितला आणि म्हणाले, "मात."

यांनी भिंगरीकडे बघितलं, आणि यांच्या चेहऱ्यावर तो जुना संशय उतरलेला मला स्पष्ट दिसला. "भिंगरी, खरं सांग, तू मला सोड..."

वाक्य पुरं झालंच नाही. तिचा खालचा ओठ बाहेर आला होता. एवढी मोठी डॉक्टर बाई ताडकन उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि कपाटाचं दार असं आपटलं की वरचं पातेलं खाली आलं. बिजागरी गेली. आतून ओरडली, "पुन्हा मांडा! आता पांढरी माझी!"

यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या दोघांच्याही डोळ्यांना धार लागली होती आणि हे हसतही होते. मग डावा हात पाठीमागे घेतला आणि उजव्यानं एक एक मोहरं मांडायला लागले. मध्येच एक उंट हातातून सुटला आणि टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला. मी हात मांडीखाली दाबून बसले. यांनी तो उचलला आणि जागेवर ठेवला.